बोटांमधली पट्टी

सोमवार, २ फेब्रुवारी

आले एकदाची. खोली बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आणि चक्क झकास आहे. दोन खिडक्या, भिंतीतलं कपाट, आणि न्हाणीघर एवढुसं की वळायचं की नाही ते आत जायच्या आधीच ठरवावं लागतं. घरमालकीणबाईंचे गुडघे गेलेत, त्यामुळे त्या जिना चढत नाहीत. खालूनच हाक मारून त्यांनी एकच नियम सांगितला: खिडक्यांना नुकताच रंग दिलाय, रोज उघडझाप करायची, नाहीतर चौकटीला चिकटून बसतील. बाकी काय वाट्टेल ते करा म्हणाल्या. अशी घरमालकीण शोधून सापडत नाही.

हे महिनाअखेरीस येतील. त्यांची छापखान्यातली नोकरी सुटायला तेवढे दिवस लागणारच. तोवर मी इथली राणी. पलंग दोघांचा आहे, मी मधोमध झोपणार.

प्रवासात बसून बसून खाली पुन्हा आग होतेय. दुकानातलं नेहमीचं खाजेचं मलम लावलं. दोन वर्षं लावतेय. आता मला त्याची सवय झालीय आणि खाजेलाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

कारखाना म्हणजे एक लांबट हॉल. इथे पांढऱ्या कोकराच्या चामड्याचे हातमोजे होतात, समारंभात घालतात तसले. मला काम मिळालं ते माझं जुनंच: बोटांमधली पट्टी शिवायचं. लोकांना वाटतं, दोन पंजे एकावर एक ठेवून शिवले की झाला मोजा. तसा शिवला तर त्यात बोट शिरत नाही. दोन बोटांच्या मधे एक अरुंद पट्टी घालावी लागते, तेव्हा कुठे बोटाला जागा होते. नखाएवढी रुंदी असते तिची. सगळ्या हॉलमध्ये कोणाला नको असतं ते हे काम, म्हणून मला कुठेही नोकरी मिळते.

मास्तर कडक आहेत पण आवाज चढवत नाहीत. त्यांचा एक दंडक आहे: मोजा शिवून झाला की लगेच लाकडी चिमट्याने एकेक बोट उघडायचं, मगच हाताच्या आकाराच्या गरम लोखंडी साच्यावर चढवायचा. तसाच ठेवून दिला तर चामडं चामड्याला धरतं, म्हणतात.

शेजारी बसते तिला सगळे टाचणी म्हणतात, कारण तिच्या ओठांत कायम चार टाचण्या असतात आणि त्या तशाच ठेवून ती अखंड बोलू शकते. माझं नाव पहिल्याच दिवशी पट्टी पडलं. टाचणी म्हणाली, माझ्या आधीची बाईसुद्धा पट्टीच होती, नाव मशीनबरोबर मिळतं. ती कुठे गेली म्हणून विचारलं तर टाचणी कामाला लागली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काल रक्त दिसलं, म्हणून आज दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ घेऊन पाहिलं आणि मला कपडे सावरायला सांगून समोर बसल्या. दोन वर्षं मी बुरशी समजून जे चोळत होते ती बुरशी नाहीच. लायकेन स्क्लेरोसस म्हणतात त्याला. त्यांनी कागदावर नाव लिहून दिलं, तरी मला पहिल्यांदा वाचता आलं नाही.

सांगितलं ते असं. तिथली कातडी पांढरी पडते, पातळ होते, जराशाने चिरते. उपचार केले नाहीत तर घड्या एकमेकींना धरत जातात आणि वाट अरुंद होते. आयुष्यभराचं दुखणं आहे. कोणाकडून लागलेलं नाही, कोणाला लागणार नाही, अस्वच्छपणाने झालेलं नाही, माझी काही चूक नाही. त्यांनी लिहून दिलेलं नवं मलम नेमाने लावलं तर बहुतेक बायका छान राहतात. रोज रात्री थोडंसं, पहिले तीन महिने न चुकता, मग कमी. अधूनमधून आरसा घेऊन स्वतः पाहायचं. पुन्हा दाखवायला यायचं. आणि नवऱ्याला सांगायचं. माहीत आहे का त्यांना, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, सांगते की. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बाकावर बसून रडले. मरणार नाही म्हणून बरं वाटलं, आणि हे कधी जाणार नाही म्हणून रडू आलं. दोन्ही एकदमच.

रविवार, ८ फेब्रुवारी

आरसा घेऊन पाहिलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. दार लावून, कडी घालून, वर खुर्ची सरकवून; जणू तिसऱ्या मजल्यावर कोणी डोकावणार होतं. पांढरं आहे. कारखान्यातल्या चामड्याइतकं पांढरं, आणि तसंच सुरकुतलेलं. मलम लावलं, हात धुतले, पुन्हा धुतले.

मग यांना फोन केला. मनात वाक्य तयार होतं. गेलं वर्षभर मी यांच्याकडे पाठ करून झोपते ती दुखतं म्हणून. यांना वाटतं मला त्यांचा कंटाळा आलाय. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही, आणि आमच्यात एक उशी येऊन बसलीय. हे असंच चाललं तर हा माणूस माझ्यापासून तुटेल, हे मला कळतं. सांगितलं तर तो माझ्याकडे कसा बघेल, हे कळत नाही.

फोनवर मी न्हाणीघराच्या गळक्या नळाबद्दल बोलले. बराच वेळ बोलले. यांनी वॉशर बदलायला सांगितला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

खाज खरंच कमी आहे. किती दिवसांनी झोप लागली म्हणून सांगू.

नणंदेचा फोन आला होता. ती बोलायला लागली की समोरच्याने फक्त हुंकार द्यायचे. बोलता बोलता माझ्या तोंडून मलमाचं निघून गेलं. कुठे लावतेस म्हणाली, तर म्हटलं कोपरावर. काय करणार, जीभ तिकडे वळेच ना. तिने नाव विचारून घेतलं आणि म्हणाली की अगं वेडे, हे तर स्टिरॉइड, याने कातडी पातळ होते, तिच्या शेजारणीची झाली होती, ताबडतोब बंद कर. आता कोपराची कातडी पातळ झाली तर कोण मरतं? पण माझं कोपर नव्हे ना.

डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं. पण तिथे नाव नोंदवायच्या खिडकीवरचा मुलगा सगळ्यांदेखत तक्रार विचारतो. मलम तूर्तास कपाटात ठेवलंय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

मास्तरांनी सकाळी माझ्यासमोर एक मोजा ठेवला. मधली दोन बोटं टोकापर्यंत जोडलेली. पट्टी घातलीच नव्हती. पंचवीस वर्षांच्या कामात ही चूक मी कधी केली नाही. नवशिकेसुद्धा एकदाच करतात. मास्तर म्हणाले, नवीन जागा आहे, होतं असं, उसवून टाका. त्यांच्या समजूतदारपणानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उसवायला घेतला. टाका सापडेना. चष्मा लावला, उजेडात गेले, सुईच्या टोकाने चाचपलं. दोरा नाहीच. एक बोट कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते कळतच नव्हतं, कारण तशी जागाच नव्हती. शेवटी कातरीने मधोमध कापलं आणि कोणाला न सांगता टोपलीत टाकलं.

खाली पुन्हा खाज सुटलीय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज तसे तीन निघाले. एकाची चारही बोटं एक. काल मी स्वतः चिमट्याने उघडून ठेवले होते, टाचणीने पाहिलंय.

जेवणाच्या सुट्टीत तिला कोपऱ्यात घेतलं. पहिल्यांदाच तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणाली, आधीच्या पट्टीचंही असंच सुरू झालं होतं. बाई चांगली होती, तिला काहीतरी दुखणं होतं, पण विचारलं की म्हणायची, काही नाही. नंतर नंतर तेवढंही म्हणेनाशी झाली. हात शालीत गुंडाळून यायची. मग यायची बंद झाली. टाचणीने मला विचारलं की तुला काही होतंय का.

विचारलं होतं हो तिने, नीट, प्रेमाने.

मी म्हटलं, काही नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

उजव्या हाताच्या करंगळीच्या बुडाशी पांढरं दिसतंय. खडूचा डाग वाटला. धुऊन जात नाही.

यांचा फोन. पुढच्या शनिवारी येतायत. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की तू माझ्यावर रागावलीयस का, नोकरी एवढ्या लांब घेतलीस ती त्यासाठी का. नाही म्हणायला तोंड उघडलं तर ओठांचा एक कोपरा सुटेना, झोपेतून उठल्यावर चिकटतो तसा. बोटाने सोडवला. तेवढ्यात यांनी बरं म्हणून फोन ठेवला.

सोमवार, २३ फेब्रुवारी

करंगळी आणि शेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंत एक झालंय. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं होतं.

खिडकी उघडायची राहिली होती. आता उघडत नाही. दुसरीही नाही. घरमालकीणबाईंना खाली जाऊन सांगावं म्हटलं, पण त्या तोंडाकडे बघतील.

मास्तरांना त्यांच्या पाठीमागे उभी राहूनच सांगितलं, सर्दी आहे. कामाला शाल गुंडाळून गेले. दिवसभर टाचणीच्या हातून टाचण्या पडत होत्या.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दवाखान्यात गेले. बसायला जागा नव्हती. खिडकीवरच्या मुलाने विचारलं, काय होतंय. मागे माणसं. एक बाई तर कान टवकारूनच बसलेली. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. डॉक्टरीणबाईंचं दार उघडं होतं, त्यांचा हात दिसत होता लिहिताना. चार पावलं चालून आत गेले असते तरी चाललं असतं.

सर्दी म्हटलं आणि परत आले.

रस्त्यात स्वतःला शिव्या दिल्या. बाई गं, कोपर सांगतेस, सर्दी सांगतेस, नळ सांगतेस, आणि खरं तेवढं

बुधवार, २५ फेब्रुवारी

मलम पुन्हा काढलं. खाली लावलं. बोटांना लावलं. ओठांना लावलं. उशीर झालाय की काय माहीत नाही. लावतेय.

डाव्या हाताने लिहितेय. डाव्यालाही —

गुरुवार, २६

ओठ निम्मे. पाणी कोपऱ्यातून. चिमटा आणला होता कारखान्यातून, लाकडी. बोटांच्या मधे घालायला गेले. शिरायला जागाच नाही. पट्ट्या आहेत माझ्याकडे, टोपलीभर, पांढऱ्या, मापाच्या. कुठे घालू —

कामावर गेले नाही. टाचणी दाराशी येऊन गेली. हाका मारत होती. म्हणाली, आधीच्या पट्टीला मी पुन्हा विचारलं नाही, तुला विचारतेय, दार उघड. मी दाराला पाठ लावून बसले होते. एवढं जवळ.

गेली ती.

शुक्रवार, २७

यांना निरोप पाठवायचा होता, येऊ नका. मग वाटलं, येऊ देत. मग पुन्हा. फोनची बटणं एका बोटाने नाही, सगळ्या हाताने दाबली जातात. काहीबाही गेलं. यांचं उत्तर आलं की निघालोय.

भीती वाटते. या हातांची नाही एवढी. मला बघून होईल त्या यांच्या तोंडाची.

अंगठा सुटा आहे अजून. त्यात पेन —

शनिवार, २८

जिन्यावर पावलं. यांचीच, मला कळतात. बॅग टेकवत टेकवत —

दार मी

—

अहो. पेन तुम्ही बसवलंत अंगठ्यात, बरं झालं. शाल ओढलीत तेव्हा वाटलं पळाल. पळाला नाहीत. हात हातात घेऊन बसलायत. रागावलेलो नाही म्हणता. वर्षभर वाट बघतोय म्हणता. काहीही असो, तोंडाने जमत नसेल तर लिही, मी इथेच बसून वाचतो म्हणता.

एवढंच हवं होतं मला. कधीपासून.

लिहिते. घाई करते. अंगठ्याच्या बुडाशी ओढ लागलीय.

अहो, मी पाठ करून झोपत होते ते तुम्ही नको होतात म्हणून नाही. मला —