धुळ्याच्या मॅचआधीची दुपार

नाना, हे लिहायचं मी टाळत आलो. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. तेवढ्यात दोनदा वही आणली, एकदा तर भुसावळच्या फलाटावर बसून पहिली ओळ लिहिलीसुद्धा, मग गाडी आली आणि मी चढलो. कुठे जायचं होतं तेही आता आठवत नाही. आजही सकाळपासून तेच चाललंय. आधी दुकान झाडलं, मग तराजूंच्या साखळ्या पुसल्या, मग कोपऱ्यावर चहा पिऊन आलो, मग ज्याच्या केळीच्या ट्रकवर मी दिल्लीपर्यंत गेलो होतो त्या ड्रायव्हरला उगाच फोन लावला. त्याने उचलला नाही. तुमच्या टेबलावर ते पिस्तूल उघडं पडलंय, आणि त्याच्याकडे पाठ करून किती वेळ बसणार?

तेच पिस्तूल. तुमची लेक, आपली अक्का ज्याने खेळायची ते. काल नेमबाजी क्लबचे सर घेऊन आले. म्हणाले, "कपाटात पडून होतं रे. नव्या पोरी आल्यात, पिस्तुलं पुरत नाहीत. बघ काही होतं का. नानांच्या हातचं काम आहे, तुलाच कळेल." मी मान हलवली. नाना, मी मान हलवण्यात फार पटाईत आहे.

हे सर पहिल्यांदा आपल्या दुकानात आले तो दिवस मला आठवतो. सराफांचे काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे त्यांना अर्ध्या किलोचं एक वजन तपासून हवं होतं. तुम्ही विचारलं, कशाला? ते म्हणाले, हवेवरच्या पिस्तुलाला. घोडा दाबायला निदान पाचशे ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे, म्हणून घोड्याला वजन लटकवून पिस्तूल उचलतात. वजन उचललं गेलं तर पास, खट् वाजून घोडा सुटला तर नापास. तुम्ही वजन तपासून दिलं आणि म्हणालात, "ते पिस्तूल बी लई या एकदा, देखू तरी." बस, दुसऱ्या आठवड्यापासून तुम्ही क्लबचे मिस्त्री झालात. क्लब म्हणजे जुन्या तेलगिरणीचं गोडाऊन, आणि पिस्तुलं दुसऱ्या कुणी दहा-बारा वर्षं वापरून झिजवलेली. अक्का तुमचा डबा घेऊन तिथे यायची. एक दिवस तिनेच पिस्तूल हातात घेतलं. मी तेव्हा आयटीआय सोडून कुठेतरी भटकत होतो.

असो. काम सांगतो. तक्रार अशी की घोडा पहिल्याच टप्प्यात सुटतो. बोट आधी हलकं मागे जावं, मग भिंत लागावी, आणि भिंतीवर जोर दिला की सुटावं, तसं होत नाही. भिंतच नाही. तुमच्या पद्धतीने स्क्रूला हात न लावता आधी दहा वेळा वजन लावून बघितलं. दहा वेळा दहा तऱ्हा. मग उघडलं. जुनं तेल डिंकासारखं झालेलं, ते धुतलं. फरक नाही. स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली, जरा बसलीय, पण इतकी नाही. स्क्रू सगळे घट्ट. मग राहिली ती नखाएवढी पोलादी पट्टी, सर जिला सिअर म्हणतात, जिच्या धारेवर सगळा घोडा अडून असतो. ती भिंगाखाली धरली आणि मग मी उठून चहाला गेलो.

आता ती दुपार लिहितो. धुळ्याच्या मॅचला दोन दिवस आहेत. मी दीड महिन्याने घरी आलोय आणि तुम्ही नेहमीसारखं म्हणताय, "या पाहुणा. किती दिन मुक्काम शे?" अक्का हसते. ती म्हणते, दुसऱ्या टप्प्याला जरा खरखर लागतेय. तुम्ही पिस्तूल साफ करता, तेलाचा थेंब देता, स्क्रू पाव आटा फिरवता आणि म्हणता, "खरखर राहू दे. मॅच व्हई जावो, मंग देखसू. आते कोणी हात नको लावू." मग जेवून तुम्ही आतल्या खोलीत आडवे होता. पंखा कटकट करतोय, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मला गप्प बसवत नाही. मला काट्यांचं काम येत होतं ना. दांडी ज्या धारेवर डुलते ती धार आरशासारखी चकचकीत करायची, म्हणजे गुंजेचा फरकही पकडते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मी ती पट्टी काढली आणि तुमच्या सगळ्यात बारीक दगडावर तशीच घासली. काट्याची धार अडता कामा नये आणि पिस्तुलाची धार अडलीच पाहिजे, एवढी साधी गोष्ट विचारायला मी तुम्हाला उठवलं नाही. पोलादाला वरची कडक कातडी कागदापेक्षा पातळ असते आणि ती गेली की खाली मऊ लागतं, हे तर मला पुढे इंदूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं. त्या दिवशी मला फक्त चमक दिसत होती.

संध्याकाळी अक्काने दाबून बघितलं आणि ओरडलीच, "नाना, लोण्यासारखं करी टाकं तुम्हीन!" तुम्हाला वाटलं तुमच्या तेलाने झालं. तुम्ही वजन लावलं, उचललं गेलं, थोडक्यात पण गेलं, आणि मिशीत हसलात. मी दारात उभा होतो. मनात म्हटलं, जिंकली की सांगू. सगळ्यांसमोर सांगू.

ती जिंकलीच होती नाना. धुळ्याला त्या दिवशी ती जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती आणि नंतर कधी खेळलीच नाही. साठ छर्रे. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, पुतळ्यासारखे. मग मॅचनंतरच्या तपासणीला तिचं नाव निघालं. टेबलावरच्या माणसाने वजन लटकवलं, पिस्तूल हळूच उचललं. खट्. पुन्हा. खट्. तिसऱ्यांदा तो अगदी श्वास रोखून उचलत होता, त्यालाही वाईट वाटत होतं. खट्. त्याने तिच्या नावावर रेघ मारली. दोन दिवसांच्या सरावात आणि त्या साठ छर्‍यांत मऊ पोलाद झिजत गेलं होतं.

व्हरांड्यात अक्का रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती तुम्हाला म्हणाली, "नाना, तुमनाघाई जमत नव्हतं ते सांगानं व्हतं ना." तुम्ही दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघितलेत. म्हणालात, "मना हात गया वं बेटा." आणि मी, ज्याला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, तो म्हणालो, मी पाणी घेऊन येतो. बाहेर गेलो, बाटली घेतली, उसाच्या गाड्यावर रस प्यालो, गाडीवाल्याशी शिरपूरच्या उसाबद्दल गप्पा मारल्या. परत आलो तर तुम्ही दोघं बाकाच्या दोन टोकांना बसलेले. चौथ्या दिवशी मी ट्रकवर चढलो.

पुढे काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत कळलं. सरांनी पिस्तूल आणलं तर तुम्ही ते उघडलंही नाहीत, "आते मी हात लावावू नही" म्हणालात. भिंग डोळ्याला लावलं नाहीत. दुरुस्तीचं लायसन परत केलंत. मोठ्या पेढीचे काटे यायचे, ते दुसऱ्याकडे पाठवलेत. आणि मग तुमचा हात खरंच कापायला लागला. अक्का लग्न होऊन दोंडाईचाला गेली. फोनवर तुम्ही दोघं उन्हाचं बोलायचात, पाऊस पडला का, लाइट आहे का. तुमच्या शेवटच्या दिवाळीला मी आलो होतो. तुम्ही चष्मा माझ्यापुढे धरलात, काडीचा स्क्रू ढिला झाला होता. म्हणालात, "तू कर, भाऊ. मना हात नही राहिना." मी घट्ट केला, पुसला, तुमच्या नाकावर ठेवला. माझं तोंड तुमच्या तोंडापासून वीतभर लांब होतं. तेवढ्यात सांगून झालं असतं.

तर भिंगाखाली काय दिसलं ते सांगतो. पट्टीच्या एका कडेला तुम्ही पूर्वी दगडावर ओढलेल्या रेघा अजून आहेत, सरळ, एकीला एक लागून, एकही तिरपी नाही. त्यांच्यावरून आडवी गेलेली माझी चमक, कडेला गोलावलेली, जशी राखेने घासलेली वाटी. तिथूनच झीज सुरू झालीय. तुमच्या रेघांपाशी काहीही झिजलेलं नाही. तुमचा हात गेला नव्हता, नाना. त्या दिवशी तो कुठेच गेला नव्हता. आता ही पट्टी दुरुस्त होत नाही, नवी मागवायची. सरांना तसं सांगेन. का झिजली हे ते विचारणार नाहीत, जुन्या पिस्तुलाला कोण विचारतं.

थांबा, रिक्षा थांबलीय.

नाना, अक्का आलीय. तुमच्या वर्षश्राद्धानंतर तिने या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता. सरांनी तिला फोन केला म्हणे, तुझं पिस्तूल तुझ्या भावाकडे आहे. पिशवी खाली ठेवली, टेबलावरच्या उघड्या पिस्तुलाकडे बघितलं आणि माझ्या हातातल्या पेनाकडे. "काय लिखी राहिना रे?" मी म्हणालो, "सामाननी यादी." पुन्हा खोटं बोललो. ती आत मोरीवर पाय धुतेय, एसटीत फार धूळ होती म्हणाली. वही मी अजून मिटलेली नाही, भिंगही पट्टीवर तसंच ठेवलंय. बाहेर येऊन ती आधी चहा मागेल की भिंगातून बघेल, माहीत नाही. मला वाटतंय तिने चहा मागावा.

नळ बंद झाला.