काचेवरची पिन

३ ऑक्टोबर, गुरुवार

पिन वाकली. माझ्या हातून. कुणाला सांगितलं नाही.

झालं असं — गॅरेजचे मालक, उस्ताद बुश्ता, दुपारच्या नमाजाला गेले होते. गाडीचा टायमिंग बेल्ट काढायचा होता. त्याआधी क्रँकचा बोल्ट सोडवावा लागतो, आणि तो सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून पुली धरायचा लांब दांडा लागतो. दांडा समोरच्या गॅरेजवाल्याने नेलेला. जाऊन आणायला पाच मिनिटं! पण मला चार वाजता बंदरावर जायचं होतं, पोरं थांबणार होती. माझ्यात दम कुठला? क्रँकची नेमकी जागा दाखवणारी टायमिंगची पिन इंजिनात बसवलेलीच होती. म्हटलं, हिच्यावरच अडवू. पान्याला पाइप घातला आणि लोंबकळलो.

कट्‌! बोल्ट सुटला. पिन काढायला गेलो तर अडखळत बाहेर आली. उजेडात धरली. मधे वाकलेली — किंचित, पण वाकलेली.

पहिल्याच दिवशी उस्तादांनी बजावलं होतं. "ही पिन फक्त जागा दाखवते. जोर सोसणं हिचं काम नाही. बाकी काय मोडायचं ते मोड. हिच्यावर जोर टाकलास, तर त्याच दिवशी तुझ्या गावाला, झागोऱ्याच्या बसमध्ये बसवीन."

ती गाडी मी पांढऱ्या रंगाच्या खुणा करून जुळवली. नीट गेली. पिन डिझेलने पुसली, बॉक्समधल्या तिच्या खाचेत ठेवली.

मग बंदरावर गेलो. पलीकडे स्पेन अगदी हाताशी दिसत होतं. मजा आली नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

उस्तादांकडे शुक्रवारचा कुसकुस, वाफवलेले रव्याचे दाणे आणि वर मांस. रहमाकाकींनी परातीच्या मधलं मांस बोटांनी माझ्या बाजूला सारलं. "खा रे इद्दर. तुझ्या आईला काय सांगू, हाडं पाठवली म्हणून?"

उस्ताद चहा ओतत होते. निम्मा ग्लासाबाहेर. काकी ओरडल्या, "अहो, ट्रे पितोय का चहा!" सगळे हसले. मीही हसलो. मांस मात्र हळूच परत मधे सारलं.

उस्ताद म्हणाले, "या पोराच्या हाताला शिस्त आहे."

माझ्या हाताला!

८ ऑक्टोबर, मंगळवार

अय्याद आला. तेतुआन गावाला जाणारी टॅक्सी चालवतो, सात सीटची. माझ्या गावाकडे खजूर पिकतात म्हणून मला नाव पाडलंय. "काय रे खजुरा! उंट कुठे बांधलास आज?" मी म्हटलं, तुमच्या टॅक्सीच्या पुढे, ओढायला लागेल म्हणून. खो खो हसला.

त्याच्या टॅक्सीला उस्तादांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियमच आहे. बेल्ट बदलायचा होता. नव्या बेल्टचं खोकं पुढे करून उस्ताद म्हणाले, "खोक्यावरचा नंबर वाच रे." वाचला. मग हात मागे करून म्हणाले, "पिन."

दिली. हात जरासुद्धा थरथरला नाही माझा. त्याचीच जास्त लाज वाटतेय.

९ ऑक्टोबर, बुधवार

अय्याद सकाळीच परत. गाडी खोकते, चढावर मरते. "बुश्ता, तू बेल्ट घातलास की माझ्या बायकोचा कमरपट्टा?"

उस्ताद हसले नाहीत. झाकण उघडलं. बेल्ट एक दात चुकलेला! एक दात चुकला तर गाडी खोकते. दोन चुकले तर व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन खलास — आणि हा तेतुआनच्या घाटात सात माणसं घेऊन चालतो.

उस्तादांनी बेल्टच्या दातांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पिन लावून दात कसा चुकेल? पिन खोटं बोलत नाही. माझे हात बोलले असतील."

मला म्हणाले, "तू चढव."

मी चढवला. तीच पिन लावून, पण तिच्यावर भरवसा न ठेवता. खुणांवर डोळा ठेवला. हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं. बरोबर. अय्यादने माझी पाठ थोपटली आणि उस्तादांकडे बघायचं टाळलं.

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. शिंक आल्यासारखं करून मिटलं.

१० ऑक्टोबर

उस्तादांच्या हातची आणखी एक गाडी. पुन्हा एक दात. उस्तादांनी पाना खाली ठेवला आणि हात धुतले. काम अर्धं टाकून हात धुताना त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

कुसकुस होता. उस्ताद नुसते दाणे चिवडत होते. शेवटी उस्तादच काकींना म्हणाले, जणू मी तिथे नाहीच — "झालं आपलं. चव्वेचाळीस वर्षं केलं. लोकांची माणसं बसतात त्या गाड्यांत. गॅरेज इद्दर बघेल."

काकी म्हणाल्या, "बरं झालं, घरी बसा." आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडलेला होता. भांडी मात्र वाजत नव्हती.

मला गॅरेज नको! म्हणजे — हवंय. आईला फोनवर सांगितलं असतं तर तिने गावभर मिठाई वाटली असती. पण असं नको. माझ्या एका पाइपाने त्या माणसाचे हात काढून घेतले.

१३ ऑक्टोबर, रविवार

कासाबराताच्या बाजारात गेलो. उस्ताद म्हणाले, माझा हत्यारांचा बॉक्स जुना झाला, तुझा तू निवड. मी चाळीस तुकड्यांचा चकचकीत बॉक्स उचलला. माझ्या हातातून काढून परत ठेवला त्यांनी. "यातले तीन लागतील, सदतीस नुसते वाजतील. आधी इंजिनाचा नंबर. त्या नंबराची पिन, कॅमची पिन, आणि पुली धरायचा दांडा. दांडा सगळ्यात आधी. तो नसला की माणूस पिनेचा दांडा करतो."

माझ्याकडे बघून नाही म्हणाले. सहज म्हणाले. माझे कान तापले.

शेजारच्या दुकानातला जुना आरसा त्यांनी आडवा ठेवला आणि एकेक पिन त्यावर घरंगळवली. "बघू नकोस, ऐक. वाकडी टिक-टिक करते. सरळ एका आवाजात जाते."

दुकानदार म्हणाला, "हाजी, पिन घेताय की मुलीसाठी नवरा?"

"नवरा वाकडा निघाला तर मुलगी सरळ करेल. हिला कोण करणार?"

सहा पिना नापास केल्या. बरी पिन मिळालीच नाही, शनिवारी नवा माल येणार म्हणे. दांडा तेवढा घेतला.

मी आरशात बघत होतो. गॅरेजात त्यांच्याच बॉक्समधली पिन त्यांनी कधी घरंगळवून पाहिली नाही. स्वतःची आहे ना!

१४ ऑक्टोबर

जुन्या खिडकीची काच मिळाली. पिन हातात घेतली. काचेवर ठेवली नाही. कशाला? वाकलेली आहे हे मला ठाऊकच आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं!

सकाळी उस्ताद आपला निळा डगला घडी करून पिशवीत भरत होते. घरी न्यायला. मला बघवेना. सगळं ओकलो — दांडा, पाइप, बंदर, कट्‌ आवाज. म्हटलं, तुमचे हात ठीक आहेत उस्ताद, पिन वाकलीय, मी वाकवली, पाठवा झागोऱ्याला.

मार खायची तयारी होती. उस्तादांनी पिन घेतली, दारात जाऊन उन्हात धरली. डोळे बारीक केले.

"हो," म्हणाले. मग मोठ्याने, "हो रे! वाकलीय! चांगली वाकलीय!"

आणि माझ्या डोक्यात टपली मारली. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला. रडत होते. "गाढवा! आठवडाभर मला म्हातारा केलंस!"

पिन भंगाराच्या डब्यात फेकली. डगला अंगात चढवला. काकींना फोन — "रहमा, हात ठीक आहेत माझे! पिन होती, पिन!" अय्यादलाही फोन. पलीकडून तो एवढ्या जोरात शिव्या देत होता की मलाही ऐकू आल्या. सगळ्या मला होत्या. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवी पिन आली. उस्ताद गाणं म्हणत टॅक्सीखाली शिरले. अय्यादच्या भावाची, तेतुआनचीच. मी भंगाराचा डबा रिकामा करत होतो, जुनी पिन हाताला लागली. काच तिथेच होती. गंमत म्हणून घरंगळवली.

एका आवाजात गेली. पुन्हा घरंगळवली. पुन्हा. सात वेळा.

पिन सरळ आहे. पहिल्यापासून सरळ होती, वाकडी मला भीतीने दिसली. म्हणजे दात पिनेने चुकवले नव्हते.

आतून हाक आली, "इद्दर, खोक्यावरचा नंबर वाच रे जरा."