डोकं खाली, पाय अंतराळात

३ फेब्रुवारी
निवड झाली! 'अंतराळ संशोधनात विद्यार्थ्यांना संधी' असं फलकावर वाचलं तेव्हाच कळलं होतं, ही माझ्यासाठी आहे. घरातली पहिली पदवीधर मी. पहिली अंतराळवीर मीच होणार, हे ओघानंच आलं. काम: विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत महिनाभर पलंगावर पडून राहायचं. पलंगाच्या पायथ्याखाली विटा, डोकं उताराला. यानात रक्त डोक्याकडे चढतं, त्याचा अभ्यास जमिनीवर असा करतात. महिना पुरा करणारीला संशोधक विद्यार्थिनीची जागा. नाही मिळाली तर विद्यापीठाच्या गेटसमोर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलंय. पण तो प्रश्नच येत नाही.

४ फेब्रुवारी, दुपारी १२
पडले. नियम एकच. एक खांदा सतत गादीला टेकलेला हवा. जेवताना, ट्रॉलीवरच्या आंघोळीत, कायम. उठलं की बाद. संकल्प: तीन जाड पुस्तकं, एक परकी भाषा आणि एक शोधनिबंध. आई फोनवर म्हणाली, एवढं शिकून शेवटी झोपायचंच होतं तर घरी पलंग नव्हता का गं? ही साधी झोप नाही, असं समजावलं. ती म्हणाली, मग तुझ्या बाबांचीही साधी नसावी.

७ फेब्रुवारी
पहिलं पुस्तक वाचताना नाकावर पडलं. गुरुत्वाकर्षणाचा धडाच चालू होता. इतक्या जवळून तो कुणी शिकलं नसेल. नर्सताईंनी बर्फ लावला आणि म्हणाल्या, यापुढे बारीक पुस्तकं वाच.
शेजारच्या पलंगावर दुसरी उमेदवार आहे. पहिल्या दिवसापासून उशी मागते (उशीला मनाई), म्हणून सगळे तिला 'उशी'च म्हणतात. कसलं ध्येय नाही, काही नाही. होस्टेलची गादी टोचते म्हणून आली म्हणे. कीव येते.

१२ फेब्रुवारी
परवानगीसाठी सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, घरी फोन केला होता. बाबा शाळेत शिपाई. अख्खा फोन उभ्यानं बोलले. आईनं खुर्ची सरकवली, तर हातानंच नको म्हणाले. आमच्या घरात सर म्हटलं की पाय आपोआप सरळ होतात. याला म्हणतात शिस्त. अंतराळात तीच लागते.
मी वर गेले आहे, असं बाबांनी गल्लीत सांगून टाकलंय. शेजारच्या काकूंनी विचारलं, तिथून तिला आमची गच्ची दिसते का? आई म्हणाली, तिला फक्त छत दिसतं.

१९ फेब्रुवारी
तोंड सुजलं. नर्सताई म्हणाल्या, अगदी अंतराळवीरासारखी दिसतेस. आरसा मागितला. मागायला नको होता.
शोधनिबंधाचं शीर्षक तयार. परकी भाषेत 'शुभ रात्री' येतं. सध्याच्या कामाला तेवढं पुरतं.

२७ फेब्रुवारी
पुस्तकं संपवायची नाहीत, असा निर्णय. मेंदूत आधीच रक्त जास्त, त्यात ज्ञान कोंबणं धोक्याचं.
उशी म्हणाली, तू फार वळवळतेस बाई, महिना भरायच्या आत उठशील. मी हसले. मनोनिग्रह म्हणजे काय, हे तिला कसं कळणार? ती तोवर घोरायला लागली होती.

५ मार्च
उद्या बाराला महिना भरणार! त्याआधी सर स्वतः पाहुण्यांना घेऊन बघायला येणार आहेत. नम्रतेची दोन वाक्यं पाठ केली. नर्सताई दोनदा बजावून गेल्या, कुणीही आलं तरी पडून राहायचं, नुसतं हसायचं. मी म्हणाले, ताई, मी काय लहान आहे का?

६ मार्च, दुपारी ३
साडेअकराला सर दारात आले.
मी उभी राहिले.
ताडकन. 'गुड मॉर्निंग, सर' पूर्ण म्हणाले, चांगल्या आवाजात. मग महिनाभर बिनकामाच्या पायांनी राजीनामा दिला आणि मी पाहुण्यांच्या अंगावर. पलीकडून उशीही म्हणाली, गुड मॉर्निंग सर. पडल्यापडल्या. डोळे मिटून.
सरांनी विचारलं, अगं, पण उठलीस कशाला? मी म्हणाले, सर, तुम्ही आलात. सरांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, नियम आहे, माझा इलाज नाही.
जागा उशीला.

६ मार्च, संध्याकाळी
घाबरत बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, सर आले तेव्हा उभी राहिलीस ना? हो म्हटलं. मग झालं तर, म्हणाले. मागून आई ओरडत होती, आधी खाली बसा तुम्ही!

१६ मार्च
मामाचं दुकान. हा संशोधनाचा पुढचा टप्पा समजायचा: उतारानंतर पायांचे स्नायू कसे परत येतात. सोयही उत्तम. दुकानात स्टूल एकच, त्यावर मामा.
दुपारी उशी आली होती, नव्या ओळखपत्राची प्रत काढायला. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हटल्यावर मामा ताडकन उठले आणि स्टूल तिला दिलं. ती बसली. जांभई दिली.
मी उभी होतेच.