अकरा गुंठ्यांतली जागतिक शर्यत

पनवेल, खाडीकडची बाजू
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप वेणूताईच्या पायांवर धाकट्या हरेशचं डोकं. (खरं तर उरणला येऊनच ठेवायला हवं, पण तू दार उघडशील याची खात्री नाही, म्हणून तूर्त कागदावर.)

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची शुगर किती? तेल चोळतेस का, की सुनेला चोळायला लावून मग तिच्या हाताला जोर नाही म्हणतेस? आम्ही सगळे ठीक. किशोरीची मान दुखते. डॉक्टर म्हणतात उशीमुळे, ती म्हणते माझ्यामुळे. फोनवर तू ‘बरी हाय, ठेवते’ एवढ्यात मला संपवतेस, म्हणून हे पत्र. तेव्हा एका बैठकीत वाच.

पत्राला खास कारण नाही. मिठागराच्या कडेचे आपले अकरा गुंठे, म्हणजे आबांच्या जमिनीतला उरलेला शेवटचा तुकडा. त्याच्या सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव अजून आहे, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. विमानतळाच्या वेळी तू हक्कसोडीवर सह्या केल्यास, तेव्हा तो एक गट नंबर कारकुनाच्या हातून लिहायचा राहिला. त्याबद्दल काही मागायला मी बसलेलो नाही. मी फक्त गावाची हालहवाल कळवतो.

तर बातमी अशी की, आपल्या गावात जागतिक मोटारशर्यत होणार. विमानतळ झालाच आहे, तेव्हा गोऱ्या लोकांनी विमानातून उतरायचं, शर्यत बघायची आणि आपल्या घरी जायचं, असा मुंबईच्या एका कंपनीचा बेत. नकाशावर एक पिवळी रेघ काढलेली होती, वेटोळी, आणि ती आपल्या गावाच्या अर्ध्या जमिनीवरून जात होती. लगेच देवळात मीटिंग. मी तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून रिकामा, शिवाय अक्षर बरं, म्हणून मला अध्यक्ष केलं. समितीचं नाव ठरवण्यात तीन तास गेले. निम्म्यांना स्वागत समिती हवी होती, निम्म्यांना संघर्ष समिती (आपल्याकडे प्रकल्प म्हटला की संघर्ष समिती आधी, प्रकल्प मागून). शेवटी ‘आंतरराष्ट्रीय मोटारशर्यत स्वागत व संघर्ष समिती’ असं दोघांचं समाधान झालं. लेटरहेड एक, शिक्के दोन. हार घालायचा असेल तर निळा, रस्ता अडवायचा असेल तर लाल. हे पत्र समितीच्याच कागदावर आहे, पण शिक्का मारलेला नाही. तुझ्या बाबतीत कोणता मारावा ते मला ठरवता येईना.

शर्यत आणली कुणी, यावरून दोन पुढाऱ्यांत जुंपली. कोन गावच्या नाक्यावर दोघांचे बॅनर समोरासमोर लागले. दोघंही त्याच लाल मोटारीशेजारी उभे, मोटारीचा फोटो दोघांनी एकाच ठिकाणाहून उचललेला. एकानं सकाळी भूमिपूजन केलं, दुसऱ्यानं संध्याकाळी, त्याच खड्ड्यात. सकाळचा नारळ अजून तिथंच होता. तिसरा एक पुढारी म्हणाला की, शर्यत माझ्या मतदारसंघातून पळवली, मी उपोषणाला बसतो. आता गंमत बघ, शर्यत देणारे लोक परदेशात, त्यांनी अजून जागा बघितलेली नाही, हो म्हटलेलं नाही, आणि इकडे ती पळवल्याबद्दल उपोषण. पण बोलायची सोय नव्हती. माझा स्वतःचा फोटो दोन्ही बॅनरवर होता, खालच्या ओळीत, डावीकडून चौथा.

यापुढची चूक मात्र कुणा पुढाऱ्याची नाही, अख्ख्या गावाची आहे, आणि ती आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकते. विमानतळाच्या वेळी काय झालं ते तुला आठवतं. रिकाम्या जमिनीला एक भाव, झाड असेल तर त्याचे पैसे वेगळे, घर असेल तर आणखी वेगळे. ते शिक्षण गाव विसरलेलं नाही. पिवळी रेघ दिसल्यापासून तीन आठवड्यांत रेघेवर बागायत उभी राहिली. कर्जतकडून टेम्पो भरभरून आंब्याची कलमं आली. विठूनं (आपल्या शेजारचा, तोच, ज्याच्या लग्नात तू रुसलीस) पत्र्याची दोन घरं टाकली आणि दोन्हींना दारावर वेगवेगळी नावं लिहिली. गावातल्या शैलेशनं कोंबड्या नसलेली पोल्ट्री बांधली. आणखी एकानं चक्क देऊळ बांधलं, आत कोणता देव बसवायचा ते पैसे किती मिळतात त्यावर ठरणार होतं. मीही मागे राहिलो नाही. अकरा गुंठ्यांत चाळीस कलमं लावली. खाऱ्या जमिनीत आंबा लावणारा आबांच्या पिढीत कुणी सापडला असता, तर आबांनी त्याला घरात बांधून ठेवलं असतं. इतरांनी निदान ट्रकनं माती आणून टाकली, टँकरनं पाणी घातलं. मी म्हटलं, चार महिन्यांसाठी कशाला? मोजणीपुरती हिरवी दिसली की झालं.

मग परदेशातून परीक्षक आला. उंच, लाजरा, उन्हानं बिटासारखा झालेला माणूस. आम्ही त्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, आणि हळदीला वाजतो तो डीजे लावून वेशीपासून मिरवत नेला. त्याच्याबरोबर कंपनीची वकील मुलगी होती, पूर्वी नावाची. चुणचुणीत, मराठी छान, सगळ्यांना मामा म्हणायची. परीक्षकानं पिशवीतून उपग्रहाचा फोटो काढला. फोटोत जमीन कशी, तळहातासारखी सपाट. एक झाड नाही, एक छप्पर नाही. ताई, त्यांनी जगभरातून आपली जागा निवडली होती ती एवढ्याच एका गुणावर! तो फोटो हातात धरून माणूस आंब्याच्या बागेत उभा, डावीकडे पत्र्याची घरं, उजवीकडे बिनदेवाचं देऊळ, तिथं कुणीतरी नेमकी तेव्हाच घंटा वाजवली. त्यानं फोटो उलटा करून बघितला. पूर्वीला हळूच काहीतरी विचारलं. तिनं आम्हाला सांगितलं, साहेब विचारतात, रिकामी जागा कुठं आहे? सगळ्या गावानं माझ्याकडे बघितलं. अध्यक्ष मी.

तरी विठूला धीर निघेना. त्यानं तिथंच विचारलं, “शर्यत आली म्हंजे ते लोक आपल्याला किती देनार?” पूर्वी म्हणाली, “मामा, ते देत नाहीत. शर्यत आपल्याकडे यावी म्हणून आपणच त्यांना द्यायचे. दरवर्षी.” घर नाही, विकत घेणं नाही, विमानतळासारखे साडेबारा टक्के भूखंड परत मिळणं नाही. जमीन दहा वर्षांच्या भाड्यानं, झाडांचे काहीच नाहीत, उलट झाडं तोडायला परवानगी लागते म्हणून अडचण. डीजेवाल्यानं आवाज आपोआप कमी केला.

मला त्या रात्रीपासून हाच विचार पडला आहे. पाहुणा आपल्या घरी येतो, आपलं जेवतो, आणि आल्याबद्दल आपल्याकडून पैसे घेतो, असा पाहुणा म्हणजे कोण? विचार करता करता लक्षात आलं, वरपक्ष! वाजतगाजत येणार, मानपानाला रुसणार, जाताना घेऊन जाणार. आपल्या समाजात हुंडा नाही याचा आपल्याला केवढा अभिमान, आणि इथं सरकारापासून समितीपर्यंत सगळे ताट घेऊन उभे. शिवाय नवरदेव एकदा बोहल्यावर चढला की निदान दुसरीकडे स्थळं बघत नाही. हा दरवर्षी बघतो. त्या पूर्वीनंच सांगितलं, दिल्लीकडे अशी शर्यत तीन वर्षं झाली, मग हा खेळ आहे की करमणूक आणि त्यावर कर किती, असा वाद निघाला आणि वरात पुन्हा फिरकली नाही. तिथला रस्ता आहे म्हणे अजून.

हे मी शिवाला सांगितलं. (शिवा म्हणजे आपला बैलगाडीवाला, ज्याची खिल्लारी जोडी किनाऱ्यावरच्या शर्यतीत सोन्याची अंगठी जिंकून आली.) मला वाटलं हसेल. तो वैरण टाकत टाकत म्हणाला, “मंग आपुन काय करताव? जत्रंला शर्यत आपली, वर्गणी आपली, बक्षीस आपलं, आन जिकून जातो परगावचा बैल. आपल्याला काय मिलतं? नाव.” खरं आहे. वर्गणी देताना आपण कधी हिशोब विचारला? अमुक गावची शर्यत, एवढं लोकांनी म्हणावं म्हणून आपण देतो. देशही तेच करत असतील. फरक एवढाच की, जत्रेची वर्गणी ज्यानं त्यानं आपल्या खिशातून काढलेली असते. नाव एकाचं आणि खिसा दुसऱ्याचा, असं जिथं होतं तिथं मला अलीकडे अवघडल्यासारखं होतं. वय झालं असेल.

तर परीक्षक गेला आणि पिवळी रेघ सरकली. बागा, घरं, देऊळ, पोल्ट्री सगळं टाळून नवी रेघ काढली. आणि ती कुठून गेली सांगू? ज्या एकाच तुकड्यातली झाडं मेली होती तिथून! माझी चाळीसच्या चाळीस कलमं महिन्याभरात वाळली होती. उपग्रहातून बघणाऱ्याला आमचे अकरा गुंठे तेवढे उघडे दिसले. टँकरला पैसे घालणारे रडतात आणि आळशी माणसाला शर्यत मिळाली. प्रत्यक्ष मोटारी मात्र त्यात धावणार नाहीत, रस्ता कडेनं जाईल. आमच्या तुकड्यात प्रेक्षकांची शौचालयं येणार, चारशे. दहा वर्षांचं भाडं, आणि केतनला शर्यतीच्या दिवसांत झेंडा दाखवायचं काम. पोरगा सव्वीसचा झाला, मोबाइलच्या दुकानात दुसऱ्याच्या काचा बदलतो. झेंडा म्हटल्यावर त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास.

काल संध्याकाळी मी खाली जाऊन आलो. वाळलेल्या काड्या उपटून टाकाव्यात म्हटलं. पण बांधावर बसलो आणि उठवेना. याच बांधावरून तू डोक्यावर मिठाची पाटी घेऊन जायचीस आणि मी दप्तर घेऊन पनवेलच्या हायस्कूलला. चौथीत तुझी शाळा सोडवली कारण मिठागरावर माणूस कमी पडत होतं, आणि माझी फी त्याच मिठातून गेली. ‘माझं अक्षर बरं’ असं वर मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं आहे. ते अक्षर कुणाच्या मानेवर उभं आहे ते मला ठाऊक आहे, ताई. बोललो नाही कधी, एवढंच. मला लाज वाटते.

असो. बातम्या संपल्या. दाजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा. राग धर, पण तब्येत सांभाळून धर.

तुझा,
हरेश
(अध्यक्ष, स्वागत व संघर्ष)

ता. क. – किशोरी म्हणते, उरणचा सुका जवळा चांगला मिळाला तर कुणाबरोबर पाठव. पैसे देऊ.

ता. क. २ – सोमवारी सकाळी तुला अनोळखी नंबरवरून फोन येईल. तू अनोळखी नंबर उचलत नाहीस, पण हा उचल. ती पूर्वी असेल. भाड्याच्या संमतीपत्रावर दोन सह्या लागतात, माझी आणि तुझी, आणि त्या दोन्ही झालेल्या आहेत. ‘ताईंनी वाचलं ना?’ असं तिनं विचारलं, मी घाईनं हो म्हटलं. ती म्हणाली, नियम आहे मामा, मी त्यांच्याशी एकदा बोलेन. तर तू फक्त हो म्हण. केतनचा विचार कर. भाड्यातलं अर्धं तुला, देवाशपथ.

ता. क. ३ – वरचं किशोरीनं वाचलं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून आत गेली. तो गार झाला. दुसरा ता. क. खोडणार होतो, पण राहू दे, मी कसा आहे ते तुलाही दिसू दे. ताई, संमतीपत्रावर तुझं नाव मी लिहिलं आहे. हक्कसोडीच्या दिवशी रजिस्ट्रारच्या ऑफिसातही बोट मी ठेवत गेलो आणि तू त्या-त्या जागी सही करत गेलीस. मग मी तुला साडी घेऊन दिली आणि एसटीत बसवून दिलं. ती पूर्वी दोन प्रश्न विचारेल. ही सही तुमची आहे का? आणि ही जमीन तुम्हाला द्यायची आहे का? पहिल्याला नाही म्हण. माझं काय व्हायचं ते होईल, केतनचं मी बघतो. दुसऱ्याचं उत्तर मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी तुला ते कधी विचारलंच नाही.