तांबटावरचे चित्ते

औंढे, शके १८५५, वैशाख शु. ३
ठकू, तू बेडशाला सासरी गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही, माफ कर. मागे घरात काय काय झालं ते आल्यावर वाचीन म्हणून वही तूच दिली होतीस. दिसतं कमी, त्यात शाळा तिसरीपर्यंत. पण हे सगळे बहाणे.
आज अखिती. म्हादू तुला पहिल्या बाळंतपणाला आणायला गेला आणि एकटाच परत आला. विहीणबाई म्हणाल्या, "येवढ्यात न्हाई धाडायची. बघू." काय बघू? तुझा निरोप तेवढा आला: "आबांना म्हनावं, माजे चित्ते राखा. सोडायला मीच येनार."
तांबटाच्या झुडपावर तुझ्या त्या ठिपक्यांच्या फुलपाखरांच्या काटेरी अळ्या आहेत. राखतो.

शु. ७
कोश झाले. हिरवे, वर चांदीचे ठिपके. लोणावळ्याच्या बंगल्यावर माळी होतो तेव्हा कृष्णकमळाच्या वेलावर यांच्याच भावकीतली पाखरं असत. तीही शेंदरी, काळ्या ठिपक्यांची, पण संथ. तुझे चित्ते घडीभर स्वस्थ नसतात. बसले तरी पंखांची उघडमीट. माझ्या जिवासारखी.

शु. ९
घात झाला. म्हादूने राबासाठी टहाळे तोडले, त्यात तांबटही. भाताच्या वाफ्यावर पसरून पेटवायच्या बेतात होता. मी आडवा गेलो.
"आबा, पाखरापायी राब थांबवू व्हय? भात काय आभाळातनं पडंल?"
"ठकूची हायती ती."
मग त्यानेच फांद्या उपसल्या. काट्यांनी माझ्या हातांची चाळण. निम्मेच कोश सापडले. सूनबाई हसते, "मामंजी, पाळना बांधू का त्यास्नी?" फांद्या गोठ्यात टांगल्या आहेत. पाळणाच झाला.

शु. १२
एक कोश काळा पडला. मेला. बेडशाहून काही नाही. तुझी तब्येत... नको, लिहीत नाही.

शु. १३
मेला नव्हता! आतल्या पंखांचा रंग दिसत होता. सकाळी बाहेर आला, भिजल्या चिंधीसारखा. खाली तांबडा थेंब. रक्त समजून मी ओरडलो. सूनबाई धावत आली, "रगत न्हाई वो ते! पाखरू निगालं की सांडतंच. दरसाली वन्सं पुसायच्या की."

व. १
सगळे निघाले. कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलेत, तुझ्यासाठी. फुलं घातली, गुळाचं पाणी ठेवलं. पण काड्यांवर आपटून पंखांच्या कडा फाटतात. म्हादू म्हणतो, सोडा. मी म्हणालो, उद्या येईल ती.

व. २
सोडले. तू नसताना. रागावू नकोस. राहवलं नाही.

व. १२
तोडलेल्या तांबटाला तांबूस कोवळी पालवी फुटली आहे. त्यावर एक मादी पोट टेकवत हिंडत होती. चष्मा लावून पाहिलं, शेंड्या-शेंड्यावर बारीक पिवळी अंडी. जून पानांवर कधी एवढी नव्हती. म्हादू छाती फुगवून, "बगा, म्या तोडलं म्हनून!" बरं बाबा, तू म्हणून.
या खेपेचे तरी तुझ्या हातून सुटावेत. गाडीत पेंढा पसरून वर वाकळ घातली आहे. हे पान फाडून उद्या म्हादूबरोबर धाडतो. विहीणबाई हो म्हणाल्या तर त्याच गाडीत बस. नाही म्हणाल्या तरी, ठकू, बरी आहेस एवढं तरी कुणाच्याही तोंडी कळव. लवकर कळव.