खिडकीवरील अभिनंदन हटविण्याबाबत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, बोरदरवाडी (मार्गे नेकनूर),
ता. जि. बीड.

अर्जदार : रविराज धोंडीराम काशीद, वय २६, धंदा : मोटारसायकल दुरुस्ती (मदतनीस), रा. बसथांब्यासमोर, बोरदरवाडी.

विषय : अर्जदार दहावी उत्तीर्ण झाल्याबद्दल लावण्यात आलेला अभिनंदनाचा फ्लेक्स, अर्जदारास दहावी उत्तीर्ण होता यावे म्हणून काढून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे शिपाई श्री. सुग्रीव यांच्याशी बसथांब्यावर झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जदाराच्या घरास एकच खिडकी असून ती पूर्वेस आहे. गेल्या महिन्यापर्यंत या खिडकीतून सकाळचा उजेड येत असे. तो एकदम येत नसे. आधी गजांमधल्या जागा फिकट होत. मग समोरच्या लिंबाच्या शेंड्यावर थोडा पिवळेपणा चढे व फांदीफांदीने खाली उतरे. बसथांब्याच्या पत्र्यावर तो काही वेळ रेंगाळे, जणू त्यालाही नेकनूरची पहिली गाडीच धरावयाची आहे. गाडी निघून गेली की रस्ता ओलांडून तो खिडकीच्या चौकटीवर येई, तेथून आईने पालथ्या घातलेल्या पातेल्याच्या बुडावर, आणि सर्वांत शेवटी अर्जदाराच्या पुस्तकावर. गजांच्या सावल्या पानावर पडून कोरे पानही आखल्यासारखे दिसे. हा उजेड कोणाच्या मालकीचा नाही, हे अर्जदार जाणून आहे. तथापि तो न चुकता येत असल्याने अर्जदारास त्याची सवय जडली होती. सवयीच्या वस्तूबद्दल अर्ज करता येतो किंवा कसे, याबाबतचा नियम शोधूनही सापडला नाही, म्हणून हे धाडस.

अर्जदाराने नववीनंतर शाळा सोडली. वडिलांचे आजारपण हे कारण त्या वेळी सांगण्यात आले व ते खरेही होते. पुढे श्री. मकसूदभाई यांच्या गॅरेजमध्ये हात काळे करीत बरीच वर्षे गेली. गतवर्षी अर्जदाराने सतरा नंबरचा फॉर्म भरला व यंदा खासगी विद्यार्थी म्हणून तो दहावीस बसला. टपाल खात्यात डाकसेवकाची जागा मिळवावी, एवढाच त्यामागील हेतू. त्या जागेसाठी दहावी आणि दहावीत गणित लागते. अर्जदारास चारचौघांत बोलणे जमत नाही. परंतु हातात कोणाच्या तरी नावाचे पाकीट असेल, तर जगातले कोणतेही दार आपण वाजवू शकू, असा त्यास का कोण जाणे विश्वास वाटतो.

निकालाच्या दिवशी बीडला फ्लेक्सच्या दुकानात नंबर लागत नाही, हे आपणास ठाऊक आहेच. त्यामुळे आमच्याकडील समंजस माणसे अभिनंदन आदल्या दिवशीच छापून घेतात. अर्जदाराचे मामा श्री. अजिनाथ हे समंजस आहेत. सकाळी अर्जदाराच्या घरावर फ्लेक्स लागला, दुपारी निकाल लागला. मकसूदभाईंच्या मोबाइलवर तो पाहिला असता, अर्जदार गणित वगळून सर्व विषयांत उत्तीर्ण असल्याचे आढळले. ही बाब मकसूदभाई, त्यांची बीडला बी.एस्सी. शिकणारी मुलगी अस्मा, मामा व आई यांनाच माहीत आहे. गावाने फ्लेक्स वाचलेला आहे.

मामांना फ्लेक्स उतरविण्याची विनंती केली असता ते म्हणाले, "पेढे वाटून झालेत बे. आता काय घराघरांत जाऊन परत मागू?" आईस (श्रीमती वनमाला) सांगितले असता तिने चुलीपुढून मानही वर न करता उत्तर दिले, "लागलंय ते राहू दी. बॅनर आधी लागलं, पास मागून हो. कुनाची काय घाई हाय?" आई रोज सकाळी ओल्या फडक्याने फ्लेक्स पुसते. हात पुरत नसल्याने ती फक्त अर्जदाराचाच फोटो पुसू शकते.

याचे कारण फ्लेक्सच्या रचनेत आहे. वरच्या बाजूस दोन मोठ्या वर्तुळांत तालुक्यातील दोन नेते आहेत. ते एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, परंतु मामांनी भविष्याचा विचार करून दोघांनाही शेजारी घेतले आहे. त्यांच्याखाली शुभेच्छुकांच्या रांगा असून अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, फेटा बांधलेला अर्जदार आहे. हा फोटो चुलतभावाच्या लग्नातील आहे. नवरदेव कापून काढला, पण त्याचा हात अर्जदाराच्या खांद्यावर राहून गेला. हात कोणाचा, असे लोक विचारतात. तो साहेबांचा आहे, असे मामांनी परस्पर सांगून टाकले आहे. कोणत्या साहेबांचा, हे त्यांनी खुले ठेवले आहे.

महोदय, अर्जदाराची खिडकी बरोबर या दोन वर्तुळांच्या मागे येते.

श्री. सुग्रीव यांनी जागेवर येऊन पाहणी केली. ते म्हणाले, "ह्याला हात लावला तर हे गट बी आंगावर येनार आन ते गट बी. न्हाई लावला तर तू येकटाच नाराज. मग मला सांग, नाराज कुनाला करावं?" मात्र ते स्वभावाने मदत करणारे असल्याने त्यांनी तोडगा सुचविला की, अर्जदाराच्या स्वतःच्या फोटोला भोक पाडावे, त्यास कोणाचीही हरकत असणार नाही. तोडगा उत्तम होता. परंतु अर्जदाराच्या फोटोमागे भिंत आहे.

दरम्यान फ्लेक्सचे परिणाम वाढत आहेत. लिंबागणेशहून पाहुणे सोयरीक घेऊन आले. त्यांनी रस्त्यावरच थांबून फ्लेक्स सविस्तर वाचला, समाधान व्यक्त केले व अर्जदारास न पाहताच चहा घेऊन ते गेले. त्यानंतर गावच्या शाळेचे मुख्याध्यापक श्री. विठ्ठलराव यांनी, शाळा उघडण्याच्या दिवशी 'गणिताची भीती कशी घालवावी' या विषयावर अर्जदाराचे मार्गदर्शन ठेवले. नाही म्हणण्यासाठीही बोलावे लागते. अर्जदार गेला.

शाल व नारळ झाल्यावर विठ्ठलराव गुरुजींनी कौतुकाने फळ्यावर एक उदाहरण लिहिले व खडू अर्जदाराच्या हाती दिला. दोन अपूर्णांकांची बेरीज होती, खाली निरनिराळे आकडे असलेली. अर्जदार फळ्याजवळ गेला आणि म्हणाला, "इथं उजेड कमी हाय." गुरुजींनी तत्काळ सर्व खिडक्या उघडविल्या. दारही सताड केले. वर्ग असा उजळला की खडूची धूळ हवेत तरंगताना एकेक कण दिसत होता, पहिल्या बाकावरील मुलींच्या रिबिनी दिसत होत्या, फळ्यावर मागल्या वर्षीचे पुसट खोडलेले शब्द दिसत होते, आणि ते दोन अपूर्णांकही अगदी स्पष्ट दिसत होते. अर्जदाराने खडू ठेवला, गॅरेजवर गिऱ्हाईक खोळंबल्याचे सांगितले, मुलांनी मन लावून अभ्यास करावा असा संदेश दिला व टाळ्यांच्या कडकडाटात तो बाहेर पडला. टाळ्या पार थांब्यापर्यंत ऐकू येत होत्या.

पुरवणी परीक्षा पुढल्या महिन्यात आहे. दिवसभर गॅरेज, रात्री विजेचा भरवसा नाही. सकाळचा उजेड हाच एक आधार, तो दोन नेत्यांनी मिळून अडविला आहे. यापूर्वी ते कोणत्याही कामासाठी एकत्र आल्याचे ऐकिवात नाही. उत्तीर्ण झाल्याच्या अभिनंदनामुळे एखादा इसम अनुत्तीर्ण राहणे हे ग्रामपंचायतीच्या लौकिकास शोभणारे नाही. सबब, फ्लेक्स काढावा, ते शक्य नसल्यास तो वर सरकवावा, तेही शक्य नसल्यास अर्जदाराची खिडकी कोठे हलविता येईल याबाबत मार्गदर्शन व्हावे, ही विनंती.

अभिनंदनाच्या मागे बसलेला,
आपला नम्र,
(सही) रविराज धोंडीराम काशीद
बोरदरवाडी, दि. १८ जून २०२५

सोबत :
१) फ्लेक्सचा फोटो, रस्त्यावरून.
२) खिडकीचा फोटो, आतून (काळा आला आहे).
३) गुणपत्रिकेची छायाप्रत. गणिताच्या ओळीवर घडी आली आहे, ती कृपया उघडून पाहावी.

ता.क. : हा अर्ज शुद्धलेखनासाठी अस्मा यांना दाखविला. निकालाच्या दिवसापासून त्या "संध्याकाळी अर्धा तास बसू भैय्या, शिकवते" असे म्हणत आल्या आहेत. ज्याचा फ्लेक्स लागला आहे त्याने शिकवणी लावणे बरे दिसत नाही, म्हणून अर्जदार आजवर टाळत आला. अर्ज पूर्ण वाचून त्या म्हणाल्या, "अर्ज झकास हाय. एक सांगा, शाळेत सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या ना? मग?"

यावर अर्जदार उठून गॅरेजच्या दारात गेला. समोर, रस्त्यापलीकडे, आई फ्लेक्सचा तो कोपरा पुसत होती.

तरी वरील सर्व मागण्या मागे घेण्यात येत असून त्याऐवजी एकच मागणी आहे. ग्रामपंचायतीच्या ओट्यावरील दिवा रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवावा. अस्मा तेथे शिकविण्यास तयार आहेत. ओटा फ्लेक्सच्या समोर आहे व येणारे-जाणारे सगळे पाहतील, याची कल्पना आहे. फ्लेक्स राहू द्यावा, आईस तो आवडतो. दिवा कशासाठी लावला, असे कोणी विचारल्यास श्री. सुग्रीव यांनी काही लपवू नये. सरळ सांगावे.

मला गणित येत नाही.