ऑक्सिजनच्या मशीनांमागे कोणी धावायचे

सोमवारी दुकानात काम करताना मी चक्कर येऊन पडले. हृदयाची झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. येत्या शुक्रवारी सुरतेला ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. म्हणून हे आजच लिहिते.

मी, श्रीमती सुलभा भास्कर निवाते, वय सदुसष्ट, शिक्षण बी.एस्सी., पदार्थविज्ञान, धंदा ऑक्सिजनची मशीने भाड्याने देणे व दुरुस्त करणे, राहणार आमली, सिल्वासा, दादरा व नगर हवेली. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

भूल दिल्यावर मी दुसऱ्याच्या मशीनवर श्वास घेणार. ते कोणी तपासले, हे मला ठाऊक नसेल. पण त्याहून मोठी भीती माझ्या गिऱ्हाइकांची आहे. ऑक्सिजनचे मशीन बिघडले तरी घरघरत राहते. घरच्यांना वाटते, चालू आहे. नळीतून मात्र जवळजवळ साधी हवा येत असते. मी नसताना हे कोण ओळखणार?

कलम पहिले. आमलीचा फ्लॅट, त्यातील सामान व बँकेतील ठेव माझ्या भावाचा मुलगा चेतन यास मिळावी. दुकानाचा गाळा त्याला नाही. कारण नोंदवते. मला ताप आला होता तेव्हा तो मुंबईहून आला आणि माझा फोन बंद करून ठेवला. "आत्या, झोप जरा. जग काही बुडत नाही." त्या दुपारी एका पेशंटच्या घरचे फोन लावत राहिले. शेवटी शेजाऱ्यांनी पेशंटला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, म्हणून जीव वाचला. चेतन म्हणाला, "तुझ्या काळजीपोटी केलं गं." ते खरे आहे. तरीही गाळा नाही.

कलम दुसरे. गाळा, सर्व मशीने, हत्यारे, स्कूटर आणि फोनचा नंबर सोनम वाल्मिक बोरसे हिला द्यावा. ती मूळची धुळ्याकडची. सायली गावातल्या कारखान्यातील कॉम्प्रेसरचे काम सोडून माझ्याकडे आली. तिला मी तोंडावर कधी शाबासकी दिली नाही. इथे देते.

तिला हे का, ते चेतनने वाचावे. रांधा गावातले आमचे पेशंट काळूभाऊ यांना दम लागतो असा फोन आला. आम्ही दोघी गेलो. मशीनला झालर लावलेले जाड कव्हर, वर टिकल्या.

मी त्यांच्या बायकोवर ओरडले, "सरुबाई, मशीनला थंडी वाजते काय?"

"धूळ बसते ना, बेन! टीव्हीला शिवलं, मग यालाबी शिवलं. टिकल्या आमच्या गुड्डीनं लावल्या."

काळूभाऊंनी नाकातली नळी सरकवली. "मशीन नवरीसारखं नटवलंय. मला लग्नातबी असं कापड नाय भेटलं."

"गप पडा तुम्ही! नळी घाला आधी," सरुबाई म्हणाल्या.

मी हसले. सोनम हसली नाही. तिने नळीतल्या ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा मीटर लावला. नव्वदीच्या वर हवा तो आकडा सत्तरीत होता. कव्हरने हवा आत येण्याची जाळीच झाकली होती. तिने काळूभाऊंना सिलिंडरवर घेतले, मशीन उघडून साफ केले, पुन्हा मीटर लावला. थोड्या वेळाने त्यांच्या ओठांचा निळसरपणा गेला आणि त्यांनी चहा मागितला. परतताना मला जे वाटले, ते पदवी हातात आली त्या दिवशीही वाटले नव्हते. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

कलम तिसरे, सोनमसाठी. "चालू आहे ना?" असे फोनवर विचारून समाधान मानू नकोस. जा. ओरडायचे असेल तर पेशंटला श्वास मिळाल्यावर ओरड. दुकान बंद करावेसे वाटले तर आधी प्रत्येक घराला दुसरा माणूस शोधून दे, मग कुलूप लाव.

माझ्या फोटोला हार घालू नये. तेरावे करू नये. चेतनने वाद घातल्यास त्याला हा कागद मोठ्याने वाचायला लावावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. सोनमला मिळकत मिळणार असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही.

सही: सुलभा भास्कर निवाते
साक्षीदार: १. योगेश तांडेल, शिक्षक. २. गौरी सावे, शेजारीण.
सिल्वासा, १२ नोव्हेंबर २०२५

ताबा दिल्याची नोंद. मी सुरतेला जाणार असल्याने पुढील वस्तू आजच सोनमकडे दिल्या: गाळ्याच्या किल्ल्या, मीटर, भरलेला सिलिंडर, स्कूटर आणि फोन. माझ्याकडे दुसरा फोन नाही. घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी आहे. सोनम सही करणार इतक्यात सायलीहून एका पेशंटच्या घरचा फोन आला. मी सवयीने हात पुढे केला, पण फोन तिनेच उचलला. "वीज गेली? सिलिंडर घेऊन निघाले," एवढेच बोलली आणि गेली. साक्षीदार सहीसाठी थांबले आहेत. पेशंट कसा आहे ते मला माहीत नाही.